चौदा नोव्हेंबर, दुपारी अडीचपर्यंत

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाबाहेर पूर्वी एक फळा होता. वर सुविचार, खाली दिनविशेष. सुविचार कोणीही लिहायचं, दिनविशेष माझ्याकडे होता. फळा लहान, त्यामुळे एका तारखेचा एकच विशेष मावायचा, आणि तो कोणता घ्यावा याची मला आदल्या संध्याकाळपासून धाकधूक असायची. पुढे फळा गेला आणि व्हॉट्सॲपचा गट आला. आता जागेची अडचण उरली नाही. जगातले दिवसही वाढले. टोप्यांना दिवस आहे, दाढदुखीला दिवस आहे. अमेरिकेत तर एका तारखेला पाच-सहा दिवस सहज निघतात. मी ते शोधतो, खात्री करून घेतो आणि सकाळी सहाला गटावर टाकतो. सरकारी खात्याच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे खात्री केल्याशिवाय राहवत नाही.

गटात एकशे बारा माणसं आहेत. त्यातली बरीचशी नमस्काराचं चित्र टाकून मोकळी होतात. वाचणारं माणूस एकच होतं. शकुन राजवाडे.

त्या बराकपूरला राहत. नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि दुसऱ्याच वर्षी ते गेले. सगळ्यांना वाटलं, या आता परत जाणार. पण त्यांनी तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायला घेतलं आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिल्या. मंडळात सगळे त्यांना शकुनताई म्हणत. मी एकटा 'बाई' म्हणत असे. शिक्षिकेला बाई म्हणतातच, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. दिनविशेष टाकल्यावर पाच मिनिटांत त्यांचा मला वेगळा निरोप यायचा. "दाढदुखीचा दिवस खरा की तुम्ही बनवलात?" मी लिहायचो, "खरा." मग दिवसभर मला बरं वाटायचं. मी अविवाहित आहे, वय त्र्याहत्तर. पुतण्या अजेय, त्याची बायको स्मिता आणि त्यांची सात वर्षांची आभा यांच्याबरोबर न्यू टाउनला राहतो. माझ्यासारख्याच्या दिवसात याहून जास्त काही घडावं अशी मी अपेक्षाही केली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे तेवीस साली, दिवाळीच्या दहा दिवस आधी मंडळाच्या कार्यवाह मंजुषा यांचा फोन आला.

"काका, यंदा शकुनताईंना भाऊ नाही."

"अरेरे."

"अरेरे काय? तुम्ही आहात ना. नाव लिहू?"

मी म्हणालो, "बरं."

हे नीट सांगायला हवं. आमच्या मंडळात सामुदायिक भाऊबीज होते. ज्यांचा सख्खा भाऊ किंवा बहीण कोलकात्यात नाही त्यांच्या जोड्या लावतात. एकदा लागलेली जोडी मोडत नाही. पाहुणचार, आजारपण, लग्नकार्य, सगळीकडे ते नातं धरतात. शकुनबाईंचे भाऊ म्हणजे कर्नल दत्तात्रय प्रधान. फोर्ट विल्यममध्ये त्यांची शेवटची नेमणूक होती, निवृत्त झाल्यावरही ते इथेच राहिले, आणि त्या जुलैत मुलाकडे पुण्याला गेले. एकदा भाऊ झाल्यावर कर्नलांनी शकुनबाईंच्या गॅसच्या शेगडीपासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळ्यात लक्ष घातलं. ते त्यांना रागवत. "औषध घेतलंस का?" असं एकेरीत विचारत. मंडळाच्या सहलीत त्यांची बॅग उचलत. मी हे सगळं अकरा वर्षं पाहत होतो आणि मला कर्नलांचा हेवा वाटत होता. पण त्यांच्यासारखा भाऊ मात्र मला व्हायचं नव्हतं. मला काय व्हायचं होतं ते मी स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं.

त्यात शकुनबाई निघाल्या होत्या. नाशिकला भाची श्वेता राहते, ती कधीची बोलावत होती. अठ्ठावीस नोव्हेंबरचं तिकीट काढलेलं होतं. कायमचं.

फोन ठेवल्यावर मी दोन्ही बाजूंनी विचार केला. भाऊ झालो तर नाशिकला जाता येईल. फोन करता येईल, तब्येत विचारता येईल, भाची मामा म्हणेल. आणि नाही झालो तर मी कोण? गटावर दिनविशेष टाकणारे एक गृहस्थ. माणसाने मिळतंय ते घ्यावं, असं एकदा वाटे. दुसऱ्या क्षणी डोळ्यांपुढे बाई तबक घेऊन उभ्या राहत, मला भाऊ म्हणून ओवाळत, आणि मी मंजुषाचा नंबर शोधू लागे. दहा दिवसांत मी मंजुषाला नाही म्हणायला चार वेळा फोन उचलला आणि चारही वेळा वाचनालयाच्या किल्लीबद्दल काहीतरी विचारून ठेवून दिला.

भाऊबीज कॅलेंडरात पंधरा तारखेला होती. पण मंडळ ज्या शाळेचा हॉल घेतं तो त्या दिवशी मोकळा नव्हता. मंजुषाने गुरुजींना विचारलं. द्वितीया आदल्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारालाच लागते, तेव्हा चौदाला संध्याकाळी ओवाळलं तरी चालेल, असं ते म्हणाले. कार्यक्रम चौदाला पाच वाजता ठरला.

चौदा नोव्हेंबरला सकाळी सहाला मी दिनविशेष टाकला. बालदिन. जागतिक मधुमेह दिन. पश्चिम बंगालचा रसगुल्ला दिन. अमेरिकेतला राष्ट्रीय लोणचं दिन. आपल्याकडच्या राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताहाचा पहिला दिवस. पाचही खरे, तपासून घेतलेले.

गट कधी नव्हे तो जागा झाला. मंजुषाने लिहिलं, "काका, मधुमेह आणि रसगुल्ला एकाच दिवशी? ही कुणाची चूक?" सुरेश नावाचे एक बँकेतले अधिकारी आहेत, ते म्हणाले, "चूक नाही. आधी रसगुल्ला, मग मधुमेह. क्रम बरोबर आहे." कोणीतरी विचारलं, अमेरिकेत कसलं लोणचं घालतात? मी लिहिलं, मिठाच्या पाण्यात काकडी. त्यावर बायकांचे बरेच दयेचे उद्गार आले.

सहावी गोष्ट मी लिहिली नव्हती. त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता. तो मी दर वर्षी गाळतो. शकुनबाई वाचनालयात नव्यानेच यायला लागल्या होत्या तेव्हा मी फळ्यावर लिहिलं होतं, 'पाडवा. पत्नीने पतीला ओवाळण्याचा दिवस.' त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या, वाचलं, आणि पुस्तक न बदलताच निघून गेल्या. त्यानंतर मी पाडवा कधी लिहिला नाही.

सव्वासहाला त्यांचा निरोप आला. "लोणच्याचा दिवस खरा?"

"खरा."

"मग जेवायला या. लिंबाचं मुरलंय, फोडायचं राहिलं होतं. इथूनच हॉलवर जाऊ."

अकरा वर्षांत मी त्यांच्या घरी एकटा कधी गेलो नव्हतो. स्मिताने इस्त्रीचा सदरा काढून दिला. "काका, आज भाऊ होणार ना? मग जरा ताठ चाला," म्हणाली.

कालीपूजेचे मांडव अजून उभे होते. उल्टाडांग्याहून मी बराकपूर लोकल पकडली. उलट्या दिशेची असल्यामुळे डबा रिकामा होता. बोलायचं वाक्य मी गाडीत तयार करत होतो. बाई, माझी एक अडचण आहे. हे अर्जासारखं वाटलं. बाई, तुम्हाला राग येणार नसेल तर. यापुढे काही सुचेना. स्टेशनबाहेरच्या मिठाईच्या दुकानावर रसगुल्ला दिनाचा फलक होता आणि ही रांग. मी एक मडकं घेतलं. दुकानदाराने माझ्याकडे पाहून, मला मधुमेह नाही ना, असं बंगालीत विचारलं, "दादू, शुगर नेई तो?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, त्याला कळलं नसावं.

शकुनबाईंनी दार उघडलं, मडकं पाहिलं.

"मधुमेह दिनाला रसगुल्ले. छान."

"राज्याचा दिवस आहे. मान राखायला हवा."

"तुमची साखर किती आहे?"

"आज मोजली नाही."

"मग तुम्हाला एकच. पिळून."

घर खोक्यांनी भरलं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी उजळ चौकोन राहिले होते. "दोनच ताटं बाहेर ठेवलीत, बाकीची बांधली," त्या म्हणाल्या. वरणभात, तूप, आणि लिंबाचं लोणचं. लोणचं काळसर झालं होतं, फोडी जिभेवर विरघळत होत्या. मी दोनदा मागून घेतलं. मी कोणाकडे काही मागून घेत नाही. त्यांनी ते पाहिलं.

जेवण झालं तेव्हा दोनला पाच कमी होते. त्या खोक्यावर बसल्या, मला खुर्ची दिली.

"पाच वाजता मी तुम्हाला ओवाळायचं आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंजुषाने मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. तुम्हाला विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"मग?"

"बरं म्हणालो."

"बरं म्हणजे हो? की हे तुमचं नेहमीचं बरं?"

 काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून जे पाठ होतं ते सांगितलं. "खरं तर भाऊबीज उद्या. पण द्वितीया आज अडीचच्या सुमाराला लागते. म्हणून संध्याकाळी चालतं."

"आणि अडीचच्या आधी काय आहे?"

"बालदिन."

त्यांनी वर्गात करत असतील तशी करंगळी मोजली. "बरं. आणखी?"

"जागतिक मधुमेह दिन."

"पुढे."

"रसगुल्ला. लोणचं. ग्रंथालय सप्ताह."

"पाच झाले. एक राहिला."

खालून एक टोटो, तिथली बॅटरीवरची रिक्षा, भोंगा वाजवत गेली. मी जमिनीकडे पाहत होतो.

"तो तुम्ही दर वर्षी गाळता," त्या म्हणाल्या. "आधी मला वाटायचं विसरता. मग लक्षात आलं, दाढदुखीचा दिवस लक्षात ठेवणारा माणूस दर वर्षी नेमकं तेवढंच विसरेल असं होत नाही."

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"व्हायचा. सुरुवातीला. मग दिवाळीत तुमची यादी आली की मी आधी तेच बघायला लागले, गाळलाय का. गाळलेला दिसला की बरं वाटायचं. कोणीतरी आठवणीने गाळतंय." मग त्यांनी विचारलं, "आणि मला बाई का म्हणता? सगळे ताई म्हणतात."

"तुम्ही शिक्षिका होतात."

"निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, श्यामराव."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडीत तयार केलेल्या वाक्यातलं एकही मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, "पाडवा." मग यादीतल्या क्रमासकट पुन्हा म्हणालो, "सहावा पाडवा."

त्यांनी मान हलवली. समोरच्या मेजावर संध्याकाळसाठी काढून ठेवलेलं तबक होतं. निरांजन, सुपारी, अक्षतांची वाटी, हळदीकुंकू. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"हे गेल्यापासून मी ते केलेलं नाही," त्या हळू म्हणाल्या. "भाऊबीज केली, कर्नलांना ओवाळलं, त्यात काही वाटलं नाही. पण हे वेगळं. अडुसष्टाव्या वर्षी, या खोक्यांच्या मधे बसून ते करायची धिटाई माझ्यात नाही. तुमच्यात आहे?"

"नाही," मी म्हणालो.

खरं तेच बोललो. गेल्या दोन वर्षांत त्या प्रश्नाला मी निरनिराळी उत्तरं दिली आहेत, सगळी मनात, बहुतेक आंघोळ करताना. त्यातली काही फार चांगली आहेत. पण त्या दुपारी विचारलं होतं तेव्हा मी नाही म्हणालो.  आम्ही तसेच बसून राहिलो. सव्वादोन झाले, दोन पंचवीस झाले. घड्याळाचा काटा अडीचवर आला आणि पुढे सरकला. तो सरकताना आम्ही दोघांनी पाहिला.

मग त्या उठल्या, तबकातल्या वस्तू पिशवीत भरल्या आणि म्हणाल्या, "चला, सव्वातीनची गाडी आहे."

गाडीत आम्ही ग्रंथालय सप्ताहाबद्दल बोललो. वाचनालयातली फाटकी पुस्तकं कोण बांधणार, असलं काहीतरी. त्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्या मनात येत होतं, आता हे झालं. आता दोन तासांनी मी भाऊ. नाशिकला जाता येईल, तब्येत विचारता येईल. मी स्वतःला ते पुन्हा पुन्हा सांगत होतो आणि दर स्टेशनला ते कमी पटत होतं.

हॉलमध्ये अकरा पाट मांडले होते. भाऊ ओळीने बसले, डोक्यावर टोपी नाहीतर रुमाल. माझ्या शेजारी ते रसगुल्ल्याच्या क्रमाचे सुरेश होते. त्यांची बहीण न्यू टाउनच्या गर्दीत अडकली होती. मंजुषा माइकवरून एकेक नाव वाचत होती. तिने वाचलं, "शकुनताई राजवाडे आणि आपले दिनविशेषवाले श्यामकाका!" टाळ्या पडल्या.

शकुनबाई तबक घेऊन माझ्यासमोर आल्या. निरांजनाची ज्योत हलत होती, दुसऱ्या हाताने त्यांनी तिला आडोसा धरला होता. मी टोपी सारखी केली. त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या, इतका वेळ की मागून कोणीतरी खाकरलं.

"मंजुषा," त्या वळून म्हणाल्या, "यांना मी ओवाळणार नाही."

"अहो, पण ताई, का?"

"नाही ओवाळणार."

आणि एक पाऊल सरकून त्यांनी सुरेशना कुंकू लावलं आणि ओवाळलं. सुरेश इतके गोंधळले की त्यांनी दोनदा नमस्कार केला.

मी पाटावर टोपी घालून तसाच बसलो. मांडलेल्या पाटावरचा माणूस न ओवाळता सोडणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. कुजबुज सुरू झाली. आभा धावत आली, "आजोबा, मी करू तुमचं ओवाळणं?" पण स्मिताने तिला मागे ओढलं. मंजुषा खाली वाकून म्हणाली, "काका, भांडलात का?"

"नाही गं."

"मग काहीतरी बोलला असाल त्यांना."

"काहीच बोललो नाही."

"तेच तर," ती म्हणाली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. फराळाच्या वेळी तिघीचौघींनी येऊन मला जास्तीचा चिवडा वाढला. सगळ्यांना माझी दया येत होती. माझं चिवड्याकडे लक्ष नव्हतं, तो सांडत होता आणि त्यांची दया आणखी वाढत होती. मला तेव्हा किती सुटल्यासारखं वाटत होतं हे त्यांना सांगून पटलं नसतं. मग लगेच शंका आली. कदाचित शकुनबाईंना फक्त राग आला असेल. कदाचित असला भित्रा माणूस भाऊ म्हणूनसुद्धा नको, असं वाटलं असेल.

त्यांना पोचवायला मी सियालदाला गेलो. कोणी जा म्हणालं नव्हतं. बराकपूरची गाडी लागलेली होती. त्या बायकांच्या डब्यात खिडकीशी बसल्या, मी बाहेर उभा राहिलो.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मला कशाला येईल? सगळ्यांसमोर मी तुम्हाला तसं बसवून ठेवलं."

"बसलो की."

त्या हसल्या. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "नाशिकला," मी म्हणालो.

"काय नाशिकला?"

"आलो तर चालेल?"

 "कर्नल फेब्रुवारीत येणार आहेत. त्यांचं सोपं आहे, श्वेताचे मामा झालेत ते. तुम्ही आलात तर ती दार उघडेल आणि मला विचारेल, मावशी, हे कोण? मी काय सांगू तिला?"

हाच तो प्रश्न होता. पाच वाजता ओवाळून घेतलं असतं तर उत्तर तयार मिळालं असतं, तेही कुंकवासकट. मी फलाटावर उभा राहून विचार करत होतो आणि माझा विचार नेहमीसारखाच हळू चालला होता. सिग्नल पडला. गाडीला हिसका बसला.

"सांगा, भाऊ नाही," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढं तर सांगा आधी."

गाडी चालू लागली होती. त्या खिडकीच्या गजांना धरून माझ्याकडे पाहत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. अगदी माझ्यासारखं बरं, पण त्यांच्या तोंडून ते हो वाटलं.

मी चार पावलं गाडीबरोबर चाललो आणि थांबलो. नाशिकला मी अजून गेलेलो नाही. त्या संध्याकाळी पुढची बराकपूर लोकल अठरा मिनिटांनी होती. मला बराकपूरला जायचं नव्हतं, तरी ती येईपर्यंत मी त्याच जागी उभा राहिलो.